घरी बांधत असलेल्या विमानाचे भाग कशाने चिकटवावेत?

गॅरेजवाला (डेटन, ओहायो)

नमस्कार मंडळी. इथे बरेच इंजिनिअर, केमिस्ट आणि हौशी कारागीर आहेत म्हणून हा धागा काढतोय.

घराच्या गॅरेजमध्ये कोझी मार्क फोर बांधतोय. माहीत नसेल त्यांच्यासाठी: चार जणांचं विमान, छोटा पंख नाकाशी, इंजिन पाठीमागे. अमेरिकन डिझायनर बर्ट रुटानच्या लाँग-ईझी विमानाच्या जातकुळीतलं. साचे लागत नाहीत. फोम हव्या त्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड पसरून इपॉक्सी जिरवायचं, की झालं. (वाचायला एवढंच लागतं.)

आता दोन्ही बाजू, तळ आणि मधली बल्कहेडं (आडवे पडदे) जोडून सांगाडा उभा करायची वेळ आली आहे. प्लॅन म्हणतो, फ्लॉक्सने चिकटवा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही अंगांनी काचेच्या कापडाच्या पट्ट्या मारा. फ्लॉक्स म्हणजे इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू कालवून केलेला लगदा. पण हल्ली तयार स्ट्रक्चरल पेस्ट मिळतात: हायसॉलच्या आहेत, एअरोपॉक्सीची ६२०९ आहे. त्यांचे शिअरचे, म्हणजे सांधा घसरवून तोडायला किती जोर लागतो त्याचे, आकडे बघून डोळे दिपतात. माझं मन पेस्टकडे ओढ घेतंय. चांगला डिंक मिळतोय तर १९७०च्या दशकातला लगदा का कालवत बसायचं?

कोणी केलंय का असं? आणि बोटींचं इपॉक्सी चालेल का? ते इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

उनाड_पोपट

फेविकॉल लावा, वर एम-सील. आमच्या बाथरूमची टाकी पंधरा वर्षं टिकली आहे.

(हलके घ्या. राइट बंधूंच्या गावात बसून विमान बांधताय, मान गये!)

खिडकीतली_मी

वाचतेय. माझा अडाणी प्रश्न: चिकटवायचंच कशाला? स्क्रू, नट-बोल्ट का नाही? जे विमान डिंकावर उभं आहे त्यात मी तरी बसणार नाही बाई.

जुना_सुतार

खिडकीताई, प्रश्न अडाणी अजिबात नाही.

बोल्ट मारायचा म्हणजे भोक पाडायचं. धातूत भोकाच्या कडेला ताण साचला तरी धातू थोडा वाकून तो ताण शेजारी वाटून देतो. काचेच्या कापडाला हे जमत नाही. भोक पाडताना धागे तुटतात आणि बोल्टचा सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो. डिंक मात्र सगळ्या पृष्ठभागावर भार पसरवतो. म्हणून कंपोझिटमध्ये बोल्ट मोजक्या जागी असतात, इंजिनाचा पाळणा, चाकांचे पाय वगैरे, आणि तिथेही आधी जाड थर किंवा धातूची पट्टी बसवून मग भोक पाडतात.

आणि डिंकावर उडणाऱ्या विमानात बसायचं नसेल तर फार कमी विमानं उरतील. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो तर बाल्सा आणि प्लायवुड चिकटवूनच केलेलं होतं. त्याची एक गोष्ट आपल्याकडचीच आहे, वेळ मिळाला की लिहितो.

समुद्रकाठ (गोवा)

आमचा धंदा फायबरच्या होड्यांचा. पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. इपॉक्सीच्या पैशांत अर्धी होडी होते रे बाबा. विमानाला पॉलिएस्टर का चालत नाही ते मला कोणी सांगाल?

रेणू_के (पुणे)

समुद्रकाठ, पहिलं कारण तिथल्या तिथे दिसेल. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर दोन्हींत स्टायरिन असतं. या विमानांचे पंख निळ्या पॉलिस्टायरिन फोमचे असतात. त्यावर पॉलिएस्टर ओतलंत तर पंखाचा फोम डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडेल. पेट्रोलनेही तेच होतं, म्हणून टाकीच्या जागी युरेथेन किंवा पीव्हीसी फोम घालतात.

दुसरं म्हणजे पॉलिएस्टर सेट होताना आकसतं आणि आधीच वाळलेल्या भागाला नीट धरत नाही. होडीत तुम्ही एकावर एक थर ओलेपणीच मारता, म्हणून निभावतं. ग्लासेअर नावाची किट विमानं व्हिनाइल एस्टरची असतात, पण त्यांचा फोम आणि डिझाइन त्यासाठीच निवडलेलं आहे.

आता गॅरेजवाले, तुमच्याकडे वळते. मी चिकट पदार्थांच्या लॅबमध्ये काम करते म्हणून थोडं लांबण लावेन.

डेटाशीटवरचा शिअरचा आकडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर काढलेला असतो. पट्ट्या रसायनाने घासून, खरवडून, ठरलेल्या जाडीची फट ठेवून चिकटवलेल्या. तुमच्या जोडात पट्ट्याच नाहीत, काचेचं लॅमिनेट आहे आणि त्याच्या पोटात फोम. जोड ओढून तोडलात तर डिंकाच्या कितीतरी आधी लॅमिनेटचा वरचा थर सुटेल, नाहीतर फोम फाटेल. म्हणजे जास्तीची ताकद विकत घेतलीत, पण ती वापरायला जागाच नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, पील, म्हणजे कडेकडून सोलून काढताना किती धरतो. शिअरमध्ये तगडे पण कडक असलेले बरेच डिंक पीलमध्ये मार खातात. दोन, टीजी नावाचं तापमान. त्याच्या वर इपॉक्सी काचेसारखं न राहता रबरासारखं होतं. खोलीच्या तापमानाला सेट झालेल्या इपॉक्सीचा टीजी खोलीच्या तापमानापेक्षा थोडाच वर असतो. नंतर मंद आचेवर भाजून, म्हणजे पोस्ट-क्युअर करून, तो वर चढवता येतो, पण जितका त्या रेझिनमध्ये असेल तितकाच. बोटींच्या नेहमीच्या इपॉक्सीत तो कमाल ६० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. बोट पाण्यात थंड राहते. उन्हात धावपट्टीवर उभं असलेलं विमान नाही राहत.

स्वच्छंद_भटक्या

म्हणूनच ही सगळी विमानं पांढरी असतात का? मला वाटायचं हौशी लोकांना रंगाची आवडच नाही.

रेणू_के

अगदी म्हणूनच. निळा फोमसुद्धा ७४ अंशांपर्यंतच वापरायचा असतो. भर उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ते सहज ओलांडतो. पंखाच्या वरच्या बाजूला लाल पट्टा मारायचा मोह आवरा.

बोटवाला_भाऊ (सिअ‍ॅटल)

थोडी असहमती. मी बोटींचं इपॉक्सी वापरून केलेलं विमान स्वतः पाहिलंय, मालक बरीच वर्षं उडवतोय. सिअ‍ॅटलमध्ये ऊन असतंच कुठे? सगळे उगाच बाऊ करतात. शिवाय बोटीच्या इपॉक्सीला पंप मिळतो, एक दाब रेझिन, एक दाब हार्डनर. मोजमापात गडबड व्हायला वावच नाही.

जुना_सुतार

भाऊ, तुमचा मित्र सिअ‍ॅटलमध्ये बांधतो, पण विमान कधीतरी अ‍ॅरिझोनाला जाणारच. विमान आहे ते. पुढे विकलं तर नवा मालक ते कुठे उभं करेल ते तरी कुणाला ठाऊक?

पंपाचं म्हणणं मात्र पटतं. विमानांच्या इपॉक्सींत प्रमाण वजनावर मोजावं लागतं: एमजीएस २८५ ला १०० ला ४०, एअरोपॉक्सीच्या कापडात जिरवायच्या इपॉक्सीला १०० ला २७. ग्रॅमवाला काटा हवाच.

उनाड_पोपट

हार्डनर थोडं जास्त घातलं की लवकर वाळत असेल ना? आमचा प्लंबर तसंच करतो.

रेणू_के

पोपटराव, नाही!!! ते पॉलिएस्टरमध्ये चालतं, मर्यादेत. तिथे थेंबभर उत्प्रेरक असतो. इपॉक्सीत हार्डनर हा मालाचाच भाग. रेझिनच्या प्रत्येक हाताला हार्डनरचा एक हात मिळाला पाहिजे. जास्त झालं तर बिनजोडीचं हार्डनर आत मऊ पडून राहतं, टीजी घसरतो. लवकर हवं असेल तर गरम खोली किंवा वेगळं, वेगवान हार्डनर.

आणि मोठ्या कपात भरपूर कालवून ठेवू नका. त्याची उष्णता बाहेर पडत नाही, कप वितळतो, पिवळा धूर निघतो. पसरट ताटलीत ओता.

ब्रिस्टलकर

उशिरा आलो. इथे इंग्लंडमध्ये आम्ही तिघांनी मिळून युरोपा नावाचं किट विमान बांधलं. साच्यातले तयार भाग येतात, ते चिकटवायला कंपनीने रेडक्स ४२० ही पेस्ट ठरवून दिलेली आहे. एक भाग पिवळसर, दुसरा निळा, कालवल्यावर हिरवा. कुठे निळी-पिवळी रेघ दिसली तर अजून कालवा. मिश्रण एकजीव झालं की नाही ते डोळ्यांनाच कळतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. बाकी आकडे गेले चुलीत.

पण गॅरेजवाले, युरोपा विमानात पेस्ट आहे म्हणून कोझीत पेस्ट, हे गणित चुकतं. युरोपा विमानात दोन कडक, तयार कवचं रुंद पट्टीवर एकमेकांना भिडतात. तिथे पेस्टच भार वाहते आणि डिझायनरने ती पट्टी तेवढी रुंद ठेवली आहे. कोझीत भार वाहतात तुमच्या कोपऱ्यातल्या काचेच्या पट्ट्या, ४५ अंशांत कापलेल्या. फ्लॉक्सचं काम फट भरायचं, कोपरा गोल करायचा आणि पट्ट्या वाळेपर्यंत सगळं जागेवर धरायचं. तिथे महागडी पेस्ट घातलीत तरी विमान रतीभरही मजबूत होणार नाही.

आमच्याकडे तर एलएएची (हलक्या विमानांच्या संघटनेची) मंजुरी घेतल्याशिवाय डिंक बदलताच येत नाही. तुमच्याकडे एफएए (सरकारी विमान नियामक) ५१ टक्के काम स्वतः केलंत का एवढं विचारते, डिंकाचं नाव सहसा विचारत नाही. मोकळीक आहे, पण म्हणूनच जबाबदारी डिझायनरच्या यादीला चिकटून राहायची.

गॅरेजवाला

ब्रिस्टलकर, पट्ट्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता असं नाही, पण मी पेस्ट आणि पट्ट्या दोन्ही करणार होतो. तोटा काय?

ब्रिस्टलकर

तोटा असा की पेस्ट वाळून कडक झाली, की त्यावर पट्टी मारायच्या आधी पुन्हा घासावं लागेल. तेही आतल्या कोपऱ्यात, जिथे बोट जेमतेम पोहोचतं. फ्लॉक्स ओला असतानाच पट्ट्या मारल्यात तर दोन्ही एकत्र सेट होतात, मधे सांधाच राहत नाही. तो फायदा तुम्ही हातचा घालवताय. (पेस्टही ओली असताना पट्टी मारता येते, पण मग पेस्टवर जास्तीचे डॉलर कशासाठी?)

स्वच्छंद_भटक्या

मध्येच अवांतर: अमेरिकन गायक जॉन डेनव्हर विमान कोसळून गेला ते लाँग-ईझीच होतं ना? तेही डिंकाचं. उगाच नाही लोक घाबरत.

जुना_सुतार

विमान लाँग-ईझी होतं, १२ ऑक्टोबर १९९७, मॉन्टेरीजवळ. पण डिंकाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. बांधणाऱ्याने इंधनाचा टाकी-बदल कॉक प्लॅनप्रमाणे पुढे न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला मागे वळावं लागे. वळताना पायाने रडर (विमान वळवायचं सुकाणू) दाबलं जायचं.

प्लॅनमध्ये स्वतःची अक्कल घालायची की नाही, या चर्चेत हे उदाहरण मात्र बसतं.

आता मॉस्किटोची गोष्ट. १९४४च्या अखेरीस भारतात असलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत तुटले आणि विमानं जमिनीवर उभी करावी लागली. आधी सगळ्यांनी बोट दाखवलं ते आपल्या पावसाळ्याकडे, उकाड्याकडे आणि दुधापासून केलेल्या केसीन डिंकाकडे. पुढे नीट तपासल्यावर दिसलं की पंखाचं कातडं आणि मुख्य तुळई यांच्या सांध्यात बांधणीच्या वेळीच फटी राहिल्या होत्या. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेच नव्हते. पुढे सांध्यावर प्लायवुडची पट्टी लावून पाणी शिरायची वाटही बंद केली. सांगायचं हे की डिंक पकडायच्या आधी भाग एकमेकांना बसतात का ते बघा. कोरडेच लावून बघा, मागून बॅटरी मारा, उजेड येतो का बघा.

मी स्वतः लाकडी रोहिणी ग्लायडरच्या दुरुस्तीत हात घातलेला माणूस. लाकडात रेसॉर्सिनॉल डिंकाला करकचून क्लॅम्प लागतात. इपॉक्सीला उलट. फार आवळलंत तर सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. नुसता टेकेल इतकाच दाब.

खिडकीतली_मी

सुतारकाका, तुमच्या प्रतिसादांसाठी वेगळा धागा काढा हो. "सांधा उपाशी राहतो" हे फारच आवडलं.

रेणू_के

सुतारकाकांना +१. धातूतही तेच. १९८८ साली हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत हवेत उडालं, तिथेही मूळ गोष्ट सांध्यातला डिंक सुटण्याची होती. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यांचे सांधे थंड ठेवलेल्या डिंकाच्या कापडाने जोडलेले होते. त्यावर दव धरलं किंवा पत्र्याचा पृष्ठभाग नीट तयार नसला की पकड कच्ची. पुढे ओल शिरली, डिंक सुटला, भार रिव्हेटांवर आला आणि भोकांपासून तडे गेले. 

म्हणून माझं तरी मत असं आहे की तुम्ही चर्चा करताय कुठल्या ट्यूबची, आणि जोड ठरणार आहे सँडपेपरवर. वाळलेल्या इपॉक्सीवर बऱ्याचदा मेणचट, तेलकट थर येतो, विशेषतः थंड आणि दमट हवेत. तो पाण्यात विरघळतो, अ‍ॅसिटोनने नुसता पसरतो. आधी कोमट पाणी आणि घासणी, पुसून कोरडं, मग सँडपेपर. उलट केलंत तर घासून तो थर आत रगडताय. ८० नंबरने घासा, चकाकी कुठेच दिसता कामा नये. मग पाण्याचा थेंब टाका. पसरला तर ठीक, मोत्यासारखा गोळा झाला तर परत घासा.

बोटवाला_भाऊ

पण पील-प्लाय (ओल्या इपॉक्सीवर पसरून नंतर ओढून काढायचं कापड) लावलं असेल तर घासायची गरज नाही ना? कापड ओढून काढलं की खाली ताजा, खरखरीत पृष्ठभाग. आम्ही बोटीत सरळ त्यावरच चिकटवतो.

रेणू_के

खरखरीत दिसतो, पण ते खाचखळगे कापडाच्या विणीचा ठसा असतात. काही कापडांना सुटावं म्हणून सिलिकॉन लावलेलं असतं आणि ते मागे उरतं. साधं, काहीही न लावलेलं डॅक्रॉनचं कापड वापरा आणि तरीही वरून हलका हात फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

बोटवाला_भाऊ

पाच मिनिटं म्हणणाऱ्यांनी कधी आख्खं फ्युजलाज (विमानाचं धड) घासलेलं नसतं, एवढंच नमूद करतो :)

समुद्रकाठ

सिलिकॉनवरून आठवलं. वर्कशॉपमध्ये कोणी गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला तर हाकलून द्या. हवेतून येऊन बसतं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या होडीला रंग धरेना, माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडत होते. शेजारच्या मेकॅनिकचा स्प्रे निघाला.

उनाड_पोपट

चिकटलंय की नाही ते नंतर तपासता येतं का? म्हणजे विमान न पाडता.

ब्रिस्टलकर

खरी गोम इथेच आहे. नाण्याने टकटक करत जायचं. नीट धरलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. पण डिंक पृष्ठभागाला नुसता टेकलेला असेल, पकड शून्य, तर नाणं काही सांगत नाही. अल्ट्रासाउंडही चकतं. म्हणून सांधा करतानाच शिस्त.

आम्ही दर वेळी त्याच कपातल्या मिश्रणाने दोन जुन्या तुकड्यांचा एक नमुना चिकटवायचो. मुख्य भागासारखाच घासून, त्याच खोलीत ठेवून, वर तारीख आणि भागाचं नाव. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरून हातोड्याने फोडायचा. तुटताना काच फाटली तर उत्तम. डिंकाचा थर एका बाजूने गुळगुळीत, चकचकीत सुटून आला तर मुख्य सांधाही काढायचा. आमच्या इन्स्पेक्टरने पहिल्या भेटीत विमान नंतर पाहिलं, आधी नमुन्यांचा डबा मागितला.

स्वच्छंद_भटक्या

रच्याकने, कांदिवलीत अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं होतं ना? २०१६ मध्ये बीकेसीला मेक इन इंडियात ठेवलं होतं, मी पाहिलंय. तेही डिंकाचंच का?

जुना_सुतार

नाही, ते धातूचं, रिव्हेटांचं. कंपोझिटमध्ये आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान प्रयोगशाळेचं हंसा आहे, १९९३ मध्ये उडालं, काचेच्या कापडाचं. त्याआधी त्यांनी लाँग-ईझीवर बेतलेलं एक कनार्ड (छोटा पंख पुढे असलेलं) विमानही केलं होतं. म्हणजे गॅरेजवाल्यांचा चुलतभाऊ बंगळुरूत उडून गेलाय.

खिडकीतली_मी

हातांची काळजी घेता ना? माझी बहीण रेझिनचे दागिने करायची. मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ, आता रेझिनची बाटली उघडली तरी डोळे सुजतात. छंद बंद.

रेणू_के

हे फार महत्त्वाचं. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही आणि अर्धवट विमानं विकायला निघण्याचं ते एक कारण असतं. नायट्राइलचे हातमोजे, लेटेक्सचे नकोत. हाताला लागलं तर अ‍ॅसिटोनने पुसू नका, ते आणखी आत नेतं. साबण-पाणी. पूर्वी रुटानच्या विमानांना जे सेफ-टी-पॉक्सी वापरत, त्यातल्या हार्डनरमधल्या एमडीए या रसायनाने कॅन्सर होऊ शकतो असं दिसलं आणि ते बाजारातून गेलं. नावात सेफ होतं, काय करता. कोणी जुना डबा स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका.

गॅरेजवाला

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा बराच कामाचा झाला. माझं ठरलं ते असं: बल्कहेडं आणि तळ फ्लॉक्सवर, पट्ट्या ओल्यावर ओल्या, एमजीएस २८५ आणि मंद हार्डनर. बोटींचं इपॉक्सी फक्त जिगच्या (भाग धरून ठेवायच्या चौकटींच्या) कामाला. पेस्ट एकाच ठिकाणी, दारांची दोन कवचं जोडताना, कारण तिथे खरंच तयार कवचाला कवच भिडतंय. त्याआधी त्याच पेस्टचे नमुने फोडून बघेन.

एक उरलेला प्रश्न: इथे हिवाळ्यात गॅरेज १० अंशांवर येतं. एक हीटर आहे, तोही हवा गरम करतो, विमान नाही.

ब्रिस्टलकर

रेझिनचा डबा बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवा. तिशीच्या आत-बाहेर राहिला की कापडात नीट जिरतो. दाणे धरले असतील तर डबा ५० अंशांच्या पाण्यात ठेवून विरघळवा. सांध्यावर विजेची चादर, वर थर्माकोलचे तुकडे. गॅसचा शेगडीवाला हीटर अजिबात नको, त्याच्या धुरात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असतो, रेणूताई म्हणतात तो मेणचट थर त्यानेच वाढतो.

समुद्रकाठ

आणि पेट्रोलच्या टाक्यांचं काय? आमच्याकडे पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आलंय, होड्यांच्या जुन्या फायबर टाक्या आतून मऊ पडतायत.

गॅरेजवाला

टाक्यांना अजून वेळ आहे. त्याच्यासाठी वेगळा धागा काढतो, इथे मिसळलं तर हरवेल.

ब्रिस्टलकर

काढाच. आमची एक टाकी आतून पुन्हा करावी लागली होती, फोटो शोधून ठेवतो.